अडीच सूत आणि तेरा नंबर

मागच्या शनिवारी सकाळी मी आमच्या ॲम्बॅसॅडरच्या इंजिनातला एक स्टड तोडला. घरात सांगताना "तुटला" असं सांगितलं, पण इथे खरं बोलायला हरकत नाही. मीच तोडला. 'टक्' असा बारीकसा आवाज झाला आणि हातातला पाना एकदम हलका झाला. ज्यांनी कधी गंजलेला बोल्ट तोडलाय त्यांना तो हलकेपणा ठाऊक असेल. पोटात गोळा येतो. प्रॉडक्शनच्या डेटाबेसवर चुकीची कमांड मारून एंटर दाबल्यावर येतो ना, तस्साच.

गाडी १९८५ सालची, बाबांची. बाबा आता चालवत नाहीत, त्यांचे हात थरथरतात. पण पुढच्या महिन्यात तिला पुन्हा पासिंगला न्यायची होती आणि थर्मोस्टॅटच्या हाऊसिंगमधून पाणी गळत होतं. काम किरकोळ. वरचे तीन नट काढायचे, हाऊसिंग उचलायचं, आतलं पॅकिंग बदलायचं, परत बसवायचं. अर्धा तास, फार तर पाऊण. दोन नट निघालेही. तिसरा हलेना. म्हणून मी पान्याच्या दांड्यावर पाइप चढवला.

पाइप चढवणं ही शेवटची चूक. पहिली चूक वर्षभरापूर्वीची.

बाबांच्या पान्यांच्या दोन लोखंडी पेट्या होत्या. एकीच्या झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने 'इंच' लिहिलेलं, दुसरीवर 'मिमी'. गेल्या वर्षी फ्लॅट बदलताना मी त्या दोन्ही रिकाम्या केल्या, सगळे पाने लहान ते मोठा असे एका ओळीत लावले आणि नव्या कोऱ्या टूलबॉक्समध्ये भरले. एकसारखे दिसणारे दोन-दोन पाने कशाला हवेत म्हणून काही जुने पाने पिशवीत घालून माळ्यावर टाकले. फार सुंदर दिसत होतं ते. बाबांनी पाहिलं, काही बोलले नाहीत. मला वाटलं, आवडलं असावं.

तर त्या सुंदर टूलबॉक्समधून मी तेरा नंबरची गोटी उचलली. बसली की हो! थोडी सैल वाटली, पण बसली. तिसऱ्या नटवर मात्र ती दोनदा घसरली, नटचे कोपरे खाल्ले आणि मग तो पाइप, तो जोर, तो 'टक्'.

बाबा पार्किंगमध्येच प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पेपर वाचत बसले होते. आवाज ऐकून त्यांनी पेपर खाली केला.

"कोणता पाना लावला होतास?"

"तेरा."

"तो तेरा नाहीये. चार सूत आहे."

एवढं बोलून त्यांनी पेपर परत वर केला.

*

ज्यांचा गॅरेजशी संबंध फक्त सर्व्हिसिंगच्या बिलापुरता येतो त्यांच्यासाठी: आपल्याकडचे मिस्त्री आणि सुतार इंचाचे आठ भाग करतात, त्यातला एक भाग म्हणजे सूत. चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलीमीटर. माझी गोटी १३ मिलीमीटरची. फरक ०.३ मिलीमीटर. साध्या, मोकळ्या नटवर हा फरक खपून जातो. गंजलेल्या नटवर नाही.

खुद्द स्टड होता ५/१६ इंचाचा, म्हणजे अडीच सूत. आता तो हेडच्या पृष्ठभागापासून जेमतेम दोन मिलीमीटर वर उरला होता. बाकीचा खाली, ओतीव लोखंडात रुतलेला. पकडायला काही नाही. पाना नाही, पकड नाही, पान्याचा बाप नाही.

बोल्ट तुटतो का, हेही थोडं सांगतो. आटा म्हणजे दुसरं काही नाही, दांड्याभोवती गुंडाळलेला घाट. आपण पाना फिरवतो तेव्हा नट तो घाट चढतो आणि दोन भाग आवळले जातात. पण गंमत अशी की आपण लावलेल्या जोरातला साधारण ९० टक्के जोर घर्षणातच जातो, थोडा नटच्या तळाशी आणि थोडा आट्यांमध्ये. प्रत्यक्ष आवळायला उरतो दहा टक्क्यांच्या आसपास. यात गंज शिरला की हिशोब पार बिघडतो, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. आट्यांमधल्या फटी तो ठासून भरतो. मग नट आणि स्टड एकजीव होतात आणि आपण नट नाही, स्टडच पिळत असतो. कपडा पिळावा तसा. कापडाला पीळ सोसतो, स्टडला नाही.

बाबांच्या सांगण्यावरून मी त्या उरलेल्या खुंटावर रॉकेल आणि ऑइलचं मिश्रण सोडलं. "आता रात्रभर हात लावू नकोस, मुरू दे," ते म्हणाले. शनिवार रिकामा झाला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी वाचत बसलो. डोक्यात एकच प्रश्न होता. एका गाडीसाठी दोन पेट्या का लागतात? हा इंच आणि मिलीमीटरचा घोळ नेमका कोणी घातला?

उत्तर शोधता शोधता रात्रीचा दीड वाजला.

*

घोळ कोणी घातला नाही, उलट प्रत्येकाने तो निस्तरायचाच प्रयत्न केला.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत परिस्थिती काय होती? प्रत्येक कारखाना आपले आटे आपल्या मनाने पाडायचा. कोणाचा कोन वेगळा, कोणाची खोली वेगळी. पुष्कळदा एकाच कारखान्यातले दोन बोल्टही सारखे नसत. जेम्स नॅस्मिथ नावाच्या स्कॉटिश इंजिनिअरने १८८३ साली छापलेल्या आत्मचरित्रात या जुन्या दिवसांबद्दल लिहिलंय. प्रत्येक बोल्ट आणि त्याचा नट यांच्यावर जोडीची खूण करून ठेवावी लागे. यंत्र खोलताना जोड्यांची सरमिसळ झाली की खर्च आणि मनस्ताप ठरलेला. म्हणजे तेव्हा बोल्ट तुटला तर त्याचा नटही बादच, कारण जगात त्याला बसणारा दुसरा बोल्टच नाही!

यातून पहिली वाट काढली ती नॅस्मिथचा गुरू हेन्री मॉड्स्ली याने. १८०० च्या आसपास त्याने असा लेथ बनवला की ज्यात कापणारं हत्यार माणसाच्या हातात नसून एका घट्ट सरकत्या पट्टीवर बसवलेलं असे आणि ती पट्टी एका अचूक स्क्रूने पुढे सरके. गिअर बदलला की आट्याचं माप बदलतं. एकच आटा पुन्हा पुन्हा, हुबेहूब पाडणं यामुळे शक्य झालं. पण 'हुबेहूब' म्हणजे मॉड्स्लीच्या कारखान्यात हुबेहूब. शेजारच्या गल्लीतल्या कारखान्याशी त्याचा संबंध नाही.

त्याच मॉड्स्लीकडे काम शिकलेला जोसेफ व्हिटवर्थ १८३३ साली मँचेस्टरला परतला आणि त्याने स्वतःचा कारखाना काढला. या गृहस्थाने जे केलं ते मला फार आवडलं. त्याने निरनिराळ्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, मोजले आणि त्यांची सरासरी काढली. म्हणजे 'मी सांगतो तेच बरोबर' असं न म्हणता 'तुम्ही सगळे जे करताय त्याच्या मधलं हे बघा' असं म्हटलं. १८४१ साली त्याने लंडनच्या सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेत हा प्रस्ताव मांडला. आट्याचा कोन ५५ अंश, आट्याची टोकं आणि तळ गोलसर आणि कुठल्या जाडीच्या बोल्टला इंचामागे किती आटे याचं एक कोष्टक. अडीच सुताला १८, तीन सुताला १६, अर्ध्या इंचाला १२. बस्स. रेल्वे कंपन्यांनी ते उचललं आणि बाकीचेही हळूहळू मागे आले.

याचा खरा कस लागला क्रिमियाच्या युद्धात. ब्रिटिश नौदलाला छोट्या तोफनौकांसाठी घाईघाईने सुमारे ९० वाफेची इंजिनं हवी होती. जॉन पेन या कारखानदाराने एक इंजिन खोलून त्याचे भाग वेगवेगळ्या कारखान्यांना नमुना म्हणून वाटून टाकले आणि प्रत्येकाला सांगितलं, या भागाचे ९० नग बनवून द्या. भाग आले आणि ते एकमेकांत बसले. वेगवेगळ्या ठिकाणच्या, एकमेकांना कधी न भेटलेल्या लोकांनी बनवलेले नट आणि बोल्ट. आपण आज याला 'इंटरफेस ठरवून घेणं' म्हणतो आणि त्यावर मीटिंगा घेतो.

आता इथे थांबले असते तर काम झालं असतं. पण अटलांटिकच्या पलीकडे विल्यम सेलर्स बसला होता.

सेलर्स हा फिलाडेल्फियातला मशीन टूल बनवणारा. १८६४ साली तिथल्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये त्याने व्हिटवर्थचा आटा नाकारला आणि त्याची कारणं चांगली होती. ५५ अंशांचा कोन मोजायला अवघड आणि गोलसर टोकं तयार करायला आणखी अवघड, त्याला खास हत्यारं आणि कसबी माणूस लागतो. अमेरिकेत कसबी माणसांचा तुटवडा. म्हणून सेलर्सने कोन घेतला ६० अंशांचा (समभुज त्रिकोण, कोणीही काढावा) आणि टोकं सरळ सपाट कापली. साध्या मिस्त्रीला साध्या हत्याराने जमेल असा आटा. अमेरिकन नौदलाने १८६८ मध्ये तो स्वीकारला, मोठ्या रेल्वे कंपन्यांनीही घेतला.

बहुतेक मापांत सेलर्सचे इंचामागचे आटे व्हिटवर्थइतकेच होते. कोन फक्त पाच अंशांनी वेगळा. अर्ध्या इंचाला मात्र इंग्लंडमध्ये १२ आटे आणि अमेरिकेत १३.

हे वाचताना मी सरसावून बसलो. कारण हे म्हणजे सकाळचं माझंच प्रकरण. दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या असत्या तर काही बिघडलं नसतं. चौकोनी खुंटी गोल भोकात कोणी ठोकत नाही. पण बारा आट्यांचा नट तेरा आट्यांच्या बोल्टवर सुरुवातीला छान फिरतो. मग जड होतो. आपल्याला वाटतं, थोडा गंज असेल. आपण जोर लावतो. आणि आटे मरतात, नाहीतर बोल्ट. न बसणारी वस्तू निरुपद्रवी असते. घात करते ती जवळजवळ बसणारी.

७ फेब्रुवारी १९०४ ला अमेरिकेत बाल्टिमोर शहरात आग लागली. वॉशिंग्टनहून, फिलाडेल्फियाहून, न्यूयॉर्कहून बंब रेल्वेने धावून आले. पोचल्यावर लक्षात आलं की यातल्या बऱ्याच बंबांच्या नळ्यांच्या जोडाचे आटे बाल्टिमोरच्या हायड्रंटला बसत नाहीत. पाणी आहे, बंब आहे, माणसं आहेत, मधला आटा नाही. ३० तासांहून जास्त काळ आग चालली आणि दीड हजारांवर इमारती जळाल्या. लांबून बघितलं तर सगळ्या नळ्या सारख्याच दिसत असणार.

तिकडे युरोपने १८९८ साली झुरिकला जमून मिलीमीटरचा स्वतःचा आटा ठरवला होता. म्हणजे विसाव्या शतकात शिरताना जगात तीन मोठी घराणी झाली: ब्रिटिश इंच, अमेरिकन इंच आणि मिलीमीटर.

घराणी म्हटली की सोयरिकी आल्या आणि त्यातली एक तर इतकी विनोदी आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९२३ साली विल्यम मॉरिसने कॉव्हेंट्रीतला हॉचकिस कंपनीचा इंजिनांचा कारखाना विकत घेतला. कंपनी मूळची फ्रेंच, त्यामुळे मशिनं मिलीमीटरचे आटे पाडणारी. मशिनं बदलायची तर खर्च फार. पण इंग्लंडमधल्या गॅरेजांत पाने सगळे व्हिटवर्थचे. मग मॉरिसच्या इंजिनांसाठी असे बोल्ट बनू लागले की ज्यांचे आटे मिलीमीटरचे आणि डोकी व्हिटवर्थच्या मापाची! मिस्त्रीचा पाना बसतो, त्याच्याकडचा बोल्ट बसत नाही. आणि हे १९५० च्या दशकापर्यंत चाललं. आमच्या प्रोजेक्टमध्ये असा एक मॉड्यूल आहे, तो कोणी लिहिला हे मी सांगणार नाही :-)

दुसऱ्या महायुद्धात या सगळ्याची किंमत मोजावी लागली. ब्रिटिश फौजेकडे अमेरिकन रणगाडे आले की सुट्या नट-बोल्टांचे साठे दोन-दोन ठेवायला लागायचे. पण मला जास्त भावली ती पॅकार्डची गोष्ट. रोल्स-रॉईसचं मर्लिन हे विमानाचं इंजिन अमेरिकेत बनवायचं असं १९४० साली ठरलं आणि काम पॅकार्ड या मोटार कंपनीकडे गेलं. इंजिनभर ब्रिटिश आटे. सोपा मार्ग होता, अमेरिकन आटे घालून टाकायचे. पण मग इंग्लंडमधल्या विमानतळावरच्या मिस्त्रीकडे दोन प्रकारची मर्लिन इंजिनं आली असती, दिसायला एक आणि बोल्टला दोन. पॅकार्डने सोपा मार्ग घेतला नाही. ब्रिटिश आटे पाडायची हत्यारं अमेरिकेत मिळेनात, तर ती स्वतः बनवली आणि ५५ हजारांवर इंजिनं ब्रिटिश आट्यांनिशी दिली. हजारो मैलांवरच्या, नाव माहीत नसलेल्या एका मिस्त्रीसाठी.

युद्ध संपल्यावर सगळ्यांना शहाणपण आलं. १८ नोव्हेंबर १९४८ ला वॉशिंग्टनमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकत्रित आट्याच्या करारावर सह्या केल्या. कोन सेलर्सचा, ६० अंश. तळाच्या गोलाईबाबत व्हिटवर्थच्या बाजूचाही मान राखला. आटा हा दोन देशांनी सह्या करून ठरवायचा विषय असतो हेच मला माहीत नव्हतं. त्याच्या आदल्याच वर्षी, १९४७ मध्ये, आयएसओ ही जागतिक संस्था सुरू झाली होती. हापिसात आपण जिच्या सर्टिफिकेटांच्या नावाने बोटं मोडतो तीच ही. तिच्या तांत्रिक समित्यांमधली समिती क्रमांक एक कुठल्या विषयाची? स्क्रूच्या आट्यांची. जगाला सर्वांत आधी हेच सोडवावंसं वाटलं.

*

आता आमची ॲम्बॅसॅडर. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात हिंदुस्तान मोटर्सने १९५० च्या दशकाच्या शेवटी मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून ही गाडी बनवायला घेतली. लवकरच तिच्यात ऑस्टिनच्या घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन आलं. ऑस्टिन आणि मॉरिस १९५२ मध्ये एकत्र झाले होते. या इंजिनातले बहुतेक आटे १९४८ च्या त्या करारातले. म्हणजे इंचाचे, पण व्हिटवर्थचे नाहीत.

आणि नेमक्या याच सुमारास भारत दशमान पद्धतीकडे निघाला होता. वजन-मापांचा कायदा १९५६ चा, नवे पैसे १ एप्रिल १९५७ चे. शेर गेला किलो आला, मैल गेला किलोमीटर आला. पण एकदा ओतलेल्या इंजिनाच्या भोकातला आटा कायद्याने बदलत नाही. पुढे ब्रिटननेही १९६५ पासून मिलीमीटरची वाट धरली आणि ज्यांच्यामुळे आपल्याकडे इंच आला त्यांच्याच गाड्यांतून तो जाऊ लागला. उत्तरपाड्यातून मात्र इंचाच्या इंजिनाची गाडी बाहेर पडत राहिली. पुढे इसुझूचं मिलीमीटरवालं इंजिनही आलं आणि २०१४ मध्ये ॲम्बॅसॅडर बनणंच थांबलं.

बाबांच्या दोन पेट्या म्हणजे हा सगळा इतिहास होता. मी तो एका रांगेत लावून टाकला होता.

*

रविवारी सकाळी मी ड्रिल घेऊन खाली उतरलो. मनात योजना तयार. खुंटाच्या बरोबर मध्यावर भोक पाडायचं, त्यात उलट्या आट्यांचा निमुळता इझी-आउट घालायचा आणि डावीकडे फिरवायचा. तो जसजसा फिरतो तसतसा भोकात रुतत जातो आणि तुकडा बाहेर काढतो. व्हिडिओत दोन मिनिटांत निघतो.

अडचण 'बरोबर मध्यावर' या दोन शब्दांत आहे. तुटलेला पृष्ठभाग खडबडीत असतो, ड्रिल घसरतं. मध्य चुकला की ड्रिल स्टड सोडून हेडच्या आट्यांमध्ये शिरतं. त्याहून वाईट म्हणजे इझी-आउट आतच तुटणं, कारण ते इतकं कडक पोलाद असतं की मग त्याला साधं ड्रिलही लागत नाही. हेड गेलं तर अशा गाडीला दुसरं हेड शोधत जुन्या बाजारात फिरावं लागतं. आणि पासिंग चार आठवड्यांवर. आणि बाबा 'असू दे, भंगारात दे' असंच म्हणाले असते, मला खात्री आहे, अगदी शांतपणे. तेच मला नको होतं.

मी पंच मारला, ड्रिल टेकवलं, दोन सेकंद चालवलं.

"थांब," बाबा म्हणाले.

ते खुर्चीतून उठून आले होते. डोळ्यांनी त्यांना नीट दिसत नाही, पण आवाज ऐकला होता. मी बॅटरी मारून पाहिलं. भोक मध्यापासून चांगलं मिलीमीटरभर सरकलं होतं. खोल गेलं नव्हतं, एवढंच नशीब.

"मामांना बोलाव," ते म्हणाले.

मामा म्हणजे आमच्या भागातले जुने मिस्त्री, सत्तरीच्या आसपासचे. दुपारी वेल्डिंगचं मशिन रिक्षात घालून आले. माझं ड्रिलचं भोक बघून मान हलवली आणि सौजन्याने काही बोलले नाहीत. आजूबाजूला ओलं फडकं लावलं, बॅटरीची वायर काढली. खुंटावर एक वायसर ठेवून तो खुंटाला वेल्ड केला, त्या वायसरवर एक नट ठेवून तोही वेल्ड केला. लालबुंद झालेलं ते सगळं नुसतं निवू दिलं. मग नटला पाना लावला. डावीकडे इतकुसा, परत उजवीकडे, परत डावीकडे, मध्ये थोडं रॉकेल. जोर जवळजवळ नाहीच.

"ताकद नाही लावायची साहेब," मामा म्हणाले. "त्याला आठवण करून द्यायची की तो फिरत होता."

हे का चालतं, तर खुंट तापून फुगू बघतो पण भोवतीचं थंड लोखंड त्याला जागा देत नाही, त्यामुळे तो दाबला जातो. निवल्यावर तो आकसतो तेव्हा गंजाची पकड तडकते. पाइपने जे तुटेपर्यंत होत नाही ते उष्णतेने होतं. पाचव्या-सहाव्या हेलकाव्याला एक 'चर्र' आवाज आला आणि स्टड फिरत फिरत बाहेर आला. आतले आटे शाबूत.

मी इतका खूश झालो की लगेच दुसरी चूक करायला घेतली. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून सकाळीच एक नवा आठ मिलीमीटरचा स्टड आणून ठेवला होता. जुन्याशेजारी धरला तर डोळ्यांना फरक दिसेना. हाताने लावला. दोन आटे गेला आणि जड झाला.

मामांनी माझा हात धरला.

अडीच सूत म्हणजे ७.९४ मिलीमीटर. आठशी फरक ०.०६ मिलीमीटर, साधारण केसाच्या जाडीइतका. पण १९४८ च्या कराराच्या अडीच सुताला जाड आट्यांत इंचामागे १८ आटे आणि बारीक आट्यांत २४. आठ मिलीमीटरच्या नेहमीच्या स्टडला होतात २० च्या जरा वर. अठराही नाही, चोवीसही नाही. मी आणखी अर्धा फेरा जोर लावला असता तर मामांनी वाचवलेले आटे मी मारले असते. रात्री दीडपर्यंत हाच इतिहास वाचून झाल्यावर, बरं का!

मामांनी खिशातून आटे मोजायची दातेरी पट्टी काढली, जुन्या स्टडला लावली आणि दुकानदारासाठी कागदावर माप लिहून दिलं. संध्याकाळी स्टड मिळाला, तो दोन बोटांनी शेवटपर्यंत गेला. पॅकिंग बसलं. पाणी गळायचं थांबलं.

रात्री मी माळ्यावरची पिशवी खाली काढली आणि टूलबॉक्स रिकामा केला. व्हर्निअर घेऊन एकेक पाना मोजायला बसलो. बाबा समोर बसून सांगत होते, हा इकडे, तो तिकडे. त्यात एका पान्याने गोंधळात टाकलं. त्यावर १/४ कोरलेलं, पण तोंड मोजलं तर १३.३ मिलीमीटर.

"व्हिटवर्थचा," बाबा म्हणाले. "त्याच्यावर तोंडाचं माप नसतं, बोल्टच्या जाडीचं असतं. तुझ्या आजोबांचा आहे."

आजोबा परळला गिरणीत फिटर होते. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि पुढे कितीतरी वर्षं गिरण्यांतली बरीचशी यंत्रं लँकेशायरहून येत राहिली. म्हणजे व्हिटवर्थच्या दारातूनच. यंत्रांबरोबर आटे आले, आट्यांबरोबर पाने आले, त्यातला एक आजोबांच्या हातात आला. हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे मी विचारलंच नव्हतं. आणि आता तो पाना मी डुप्लिकेट म्हणून माळ्यावर टाकला होता.

चार सूत, तेरा नंबर आणि आजोबांचा पाव इंच असे तीन पाने मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. १२.७, १३ आणि १३.३. लांबून तिन्ही एकच.

जुन्या पेट्या अजून अडगळीत होत्या. 'इंच' आणि 'मिमी' ही अक्षरं शाबूत आहेत. आजोबांच्या पान्यांसाठी मी तिसरी छोटी पेटी आणली आणि पांढरा ऑइलपेंटही. झाकणावर काय लिहायचं ते बाबांनी सांगितलं. लिहिलं मी, कारण त्यांचा हात थरथरतो.